वार पडल्यावर अर्धा तास

सकाळी ६.५०
मुंबईतल्या एका पालिका रुग्णालयाची लेबर रूम. बाहेरच्या बाकड्यावर संशोधनाच्या लॅबमधली ताई बसलीय. पहाटेच्या लोकलने डोंबिवलीहून आलीय. पायाशी थर्माकोलचा डबा, त्यात कुटलेला बर्फ. वार तपासायला देण्याच्या संमतीपत्रावर आईची सही कालच झालीय. फॉर्मवर प्रश्न आहेत: वय, रक्तदाब, साखर, मिश्री लावता का, ज्येष्ठमध खाता का. शेवटच्या प्रश्नाला बायका हसतात.

७.२०
मुलगी झाली. थोड्या वेळाने वार पडली. मावशी स्टीलच्या ट्रेमध्ये ती बाहेर आणतात. “घे गं, गरम आहे अजून.”
ताई मोबाइलवर ३० मिनिटं लावते. उशीर झाला की पेशींतला आरएनए तुटत जातो.

७.२८
वजन ४८० ग्रॅम. नाळेजवळचा भाग नको, कडेचाही नको; मधला हवा. पांढुरका, कडक झालेला तुकडा टाळायचा. आईच्या बाजूचा वरचा थर कात्रीने सोलायचा. पाच ठिकाणचे तुकडे थंड सलाइनमध्ये धुवायचे, पाणी लाल यायचं थांबेपर्यंत. रक्त राहिलं तर रक्ताचा आरएनए मोजला जातो. मग कुप्या द्रव नायट्रोजनच्या भांड्यात. उणे १९६ अंश. चर्र आवाज होतो, वाफ बाहेर येते.
उरलेली वार पिवळ्या पिशवीत. ट्रे मावशी घासतात. त्या कंत्राटी आहेत.

१०.१५
लॅब. मागच्या आठवड्याचा तुकडा नायट्रोजन ओतून खलात कुटायचा. हे हाताचंच काम, मनगट भरून येतं. आरएनए सुटा करायला त्यावर ट्रायझॉल, मग क्लोरोफॉर्म, मग चार अंशांवर १५ मिनिटं सेंट्रिफ्यूज. नळीत तीन थर होतात. वरचा नितळ तेवढा पिपेटने उचलायचा. मधल्याला टोक लागलं की सकाळ फुकट.

१.४०
वडापाव, कटिंग. ताईची फेलोशिप महिना ३७,००० रुपये, घरभाडं भत्ता वेगळा. कागदावर महिन्याला. खात्यात येते तेव्हा तीन महिन्यांची एकदम.

३.००
आरएनए मोजायला पीसीआर यंत्र, ४० आवर्तनं. शोध एका एन्झाइमचा आहे: अकरा-बीटा-एचएसडी-२. आईच्या रक्तातलं कॉर्टिसॉल वारेत आलं की हे एन्झाइम त्याचं निष्क्रिय कॉर्टिसोन करतं. बरंचसं तिथेच अडतं, बाळापर्यंत थोडं पोचतं. गरोदरपणात रक्तदाब चढलेल्यांच्या वारेत हे एन्झाइम कमी बनतं का, एवढं ह्या लॅबला पाहायचंय.
ज्येष्ठमधाचा प्रश्न इथे लागतो. त्यातलं ग्लिसरायझिन ह्याच एन्झाइमचं काम रोखतं. पण आरएनए मोजून ते दिसणार नाही. आरएनए म्हणजे हजेरीपट: किती माणसं लावली ते कळतं, काम किती झालं ते नाही. म्हणून थोडा तुकडा वेगळा राखलाय, प्रथिन आणि त्याची क्रिया तपासायला. मला हा राखलेला तुकडाच जास्त महत्त्वाचा वाटतो.

५.१०
पडद्यावर रेषा चढतात. एका नमुन्याच्या तीन नळ्या. दोन जुळल्या, तिसरी भलतीकडे. “पिपेटिंग,” ताई म्हणते. उद्या परत लावणार. तेवढी रसायनं पुन्हा जाणार, ती वहीत मांडायची.

५.४५
सकाळच्या कुप्या उणे ८० च्या फ्रीझरमध्ये. डबा, ओळ, खण. तिन्ही आकडे नोंदले. मग सकाळी रुग्णालयातून लॅबला आलेल्या टॅक्सीचं व्हाउचर. नायट्रोजनचं भांडं घेऊन बसमध्ये चढता येत नाही, आणि टॅक्सीवाला पावती देत नाही. लेखा विभाग पावतीशिवाय घेत नाही. ताई तरीही भरते.