पालिकेचा लिंब, आमचे पत्रे

रविवारची सकाळ. पुण्यात आपण अजून पांघरुणात, आणि परंड्याहून अण्णांचा फोन. "रात्री वळीव झाला. रस्त्यावरच्या लिंबाची फांदी पडली. दोन पत्रे गेले, गाडीची टाकी चेपली. उद्या माणूस लावून झाडच काढतो."

टेन्शन! कारण झाड आमचं नाही, नगरपालिकेचं.

"अण्णा, कुऱ्हाड नको. आधी फोटो काढा."

"फोटू काढल्यावर पत्रे येतेत का?"

बिनतोड सवाल. मग वकील मैत्रिणीला गाठलं. तिचा पहिला डोस असा: झाडांच्या संरक्षणाचा 1975 चा राज्याचा कायदा छोट्या नगरपालिकांच्या हद्दीतही लागू होतो. झाड तोडणं म्हणजे नुसता बुंध्यावर घाव नव्हे. जाळणं, कापणं, कशीही इजा करणं त्यातच येतं. परवानगी नसेल तर भरपाई मागायला निघालेले अण्णाच आरोपी!

बरं, भरपाई मिळते का? "वादळ आलं, देवाची करणी," हे उत्तर ठरलेलं. पण त्यालाही तोड आहे. 1964 मध्ये दिल्लीत स्कूटरवरून जाणाऱ्या एकाच्या डोक्यात लिंबाची फांदी पडली. तो गेला. बायकोने महापालिकेला कोर्टात खेचलं आणि थेट 1999 मध्ये सुप्रीम कोर्टाने पालिकेला जबाबदार धरलं. झाड वाळलेलं होतं, दिसत होतं, आणि रस्त्याकडेच्या झाडांवर लक्ष ठेवणं तिचं काम होतं. सगळा फंडा इथेच आहे. हिरवंगार झाड तुफानात उन्मळलं तर तुमची केस लंगडी. वाळकं असेल आणि तुम्ही आधी लेखी कळवलं असेल, तर देवाचं नाव पुढे करणं अवघड.

आमची फांदी वाळलीय हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं.

"सांगितलं होतं का कुणाला?"

"हो की. चहावाल्याला."

झालं! आता फोटो, पंचनामा, पत्र्यांचं बिल, आणि अर्जाच्या आपल्या प्रतीवर आवक शिक्का. दावाच लावायचा तर पालिकेला आधी महिन्याची लेखी नोटीस, आणि दावा सहा महिन्यांच्या आत. दोन पत्र्यांसाठी कोण जातंय कोर्टात? वकिलाच्या फीमध्ये नवी शेड होईल. पण शिक्क्याचा कागद पुढच्या वादळात कामाला येतो.

गाडीचं म्हणाल तर इन्शुरन्स फुल असेल तर झाड पडल्याचं नुकसान मिळतं. नुसता थर्ड पार्टी असेल तर टाटा. अण्णांचा अर्थातच थर्ड पार्टी. ऑफिसबाहेर गुलमोहराखाली कार लावणाऱ्यांनो, आजच पॉलिसी उघडून बघा.

अर्जात अण्णांनी दोन गोष्टी मागितल्या: भरपाई, आणि उरलेल्या वाळक्या फांद्यांची छाटणी. साक्षीदार म्हणून सही हवी होती चहावाल्याची. तो अडून बसला. "झाड राहणार असेल तरच सही. माझं दुकान म्हणजे ही सावलीच की."

"सावली याची अन् पत्रे माझे!" अण्णा फोनवर करवादले. पण अर्जातलं 'झाड काढावे' त्यांनी खोडलं, 'फांद्या छाटाव्यात' तेवढं ठेवलं. सही झाली, शिक्का बसला. मग दोघांनी लिंबाखालीच चहा घेतला. पैसे अण्णांनी आवर्जून दिले.