औषधाची कडी कुठे अडली?

मुलांनो, एड्सचा विषाणू आपल्या पेशीत शिरला की स्वतःच्या आरएनएवरून डीएनएची साखळी गुंफू लागतो. स्टॅव्हुडिन हे औषध त्या साखळीतल्या एका कडीसारखे दिसते. विषाणू फसतो, ती खोटी कडी जोडतो. पण तिला पुढची कडी अडकवायला आकडाच नसतो! साखळी तिथेच खुंटते.

स्टॅव्हुडिनचा हा गुण अमेरिकेतील येल विद्यापीठात प्रा. विल्यम प्रुसॉफ व सहकाऱ्यांना आढळला. पेटंट विद्यापीठाचे, विक्रीचा हक्क एका कंपनीचा. २००१ साली दक्षिण आफ्रिकेत चाळीस लाखांवर लोकांना या विषाणूची लागण झालेली होती. मुंबईची सिप्ला कंपनी तीन औषधांचा वर्षाचा उपचार ३५० डॉलरना द्यायला तयार होती. अमेरिकेत त्याला दहा हजारांवर डॉलर पडत. मग अडले कुठे? पेटंटपाशी.

येलच्याच विद्यार्थ्यांनी सह्या गोळा करून विद्यापीठाला जाब विचारला. खुद्द प्रुसॉफ त्यांच्या बाजूने उभे राहिले. मार्चमध्ये कंपनीने दक्षिण आफ्रिकेत पेटंटचा आग्रह सोडला, किंमतही उतरवली.

पुढे दुष्परिणामांमुळे स्टॅव्हुडिन मागे पडले. त्या चळवळीतून मात्र विद्यार्थ्यांची संघटना निघाली. ती इतर विद्यापीठांनाही विचारू लागली: तुमच्या प्रयोगशाळेतले औषध गरीब देशांना कोणत्या दराने मिळणार?