चोवीस तासांत न बसणारे घड्याळ

१७२९ साली फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ झां-झाक द मेरां यांनी लाजाळूसारखे एक रोप अंधारात ठेवले. ऊन नसतानाही त्याची पाने दिवसा उघडत आणि सायंकाळी मिटत राहिली. सूर्य न दिसताही रोपाला तो जाणवत असावा, असा त्यांचा कयास होता. तो डळमळायला शंभर वर्षे लागली. १८३२ मध्ये ऑग्युस्तँ द कँडोल यांनी प्रकाश एकसारखा ठेवून पानांची लय मोजली, तेव्हा एक फेरा २२ ते २३ तासांचा भरला. बाहेरच्या खुणेवर पाने हलत असती, तर तो बरोबर २४ तासांचा निघायला हवा होता. म्हणजे ही तफावतच आतल्या घड्याळाचा पुरावा होती.

तरीही शंका सरल्या नाहीत. १९३० च्या दशकात एर्विन ब्यूनिंग यांनी घेवड्याच्या संकरांवरून ही लय आनुवंशिक असल्याचे दाखवले. १९६० च्या दशकात युर्गेन आशॉफ यांनी बव्हेरियातल्या भुयारी खोल्यांत माणसांना घड्याळाविना ठेवले. त्यांचाही दिवस २४ तासांहून लांबत गेला.

जर्मनीतल्या ट्युबिंगेनला काम करून आलेल्या एम. के. चंद्रशेखरन यांनी हा अभ्यास मदुराईत रुजवला. तिथल्या एका गुहेतली वटवाघळे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी निरखली. पिंजऱ्यात कोंडलेले वटवाघूळ काळोखातही थव्याच्या ये-जा करण्याच्या वेळेशी जुळवून घेई; सोबती नसलेल्या गुहेत मात्र त्याची लय रोज थोडी सरकत जाई. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामाने उजेडाखेरीज संगतही घड्याळ लावते, हे दाखवले.

घड्याळ सापडले ते फळमाशीत. १९७१ मध्ये रोनाल्ड कोनोप्का आणि सीमोर बेंझर यांना तीन प्रकारच्या माश्या मिळाल्या: एकीची लय १९ तासांची, दुसरीची २८ तासांची, तिसरीला लयच नाही. तिन्ही दोष एकाच जनुकात होते. जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांनी पुढे त्याची यंत्रणा उलगडली आणि २०१७ चे नोबेल मिळवले. या जनुकापासून बनणारे प्रथिन रात्री साठते, पेशीकेंद्रात शिरून स्वतःचेच उत्पादन थांबवते, मग हळूहळू नष्ट होते आणि जनुक पुन्हा कामाला लागते. हे साठणे आणि मोडणे किती वेगाने होते, त्यावर फेऱ्याची लांबी ठरते. पृथ्वीच्या फिरण्याशी त्या रसायनांचा थेट संबंध नसतो. म्हणूनच त्यांना रोज सकाळी उजेडाची दुरुस्ती लागते.