माळव्यातली पाखरे: मांडू, सरदारपूर, खिवनी

धार आणि देवास ही पवारांची जुनी संस्थाने मराठी घरांना इतिहासातून ठाऊक आहेत. तिथल्या पाखरांची ओळख मात्र फार थोड्यांना आहे. मुलाबाळांसह निवांत पक्षी पाहायचे तर मुक्कामाला मांडूच सोयीचे. धारपासून सुमारे ३५ किलोमीटरवर, विंध्याच्या कड्यावर वसलेला हा गड सहाशे मीटरांहून अधिक उंच आहे आणि तलावांनी भरलेला आहे. सागर तलावाकाठी उतरण्याची सोय असल्याने आजी-आजोबांनाही खुर्चीत बसून टिबुकलीच्या बुड्या आणि खंड्याचा सूर पाहता येतो. जहाज महाल मुंज आणि कपूर या दोन तलावांच्या मध्ये उभा आहे. त्याची गच्ची म्हणजे पाणपक्ष्यांसाठी तयार मचाणच. रूपमती मंडपाखाली कडा थेट निमाडात उतरतो. इथे पाकोळ्या आणि घारी पायाखालून उडतात, त्यामुळे एरवी न दिसणारी त्यांची पाठ दिसते. गोरखचिंचेचे अवाढव्य वृक्ष गावभर आहेत. त्यांच्या ढोल्यांत पोपट आणि पिंगळे शोधण्यात मुले रमतात.

धार जिल्ह्याचे खरे वैभव मात्र सरदारपूरच्या गवताळ माळावर आहे. तणमोरासाठी, म्हणजे तिकडच्या बोलीतल्या खरमोरासाठी, १९८३ मध्ये इथे अभयारण्य झाले. पावसाबरोबर हा पक्षी विणीला येतो. नर काळाभोर, डोक्यामागे वळलेली लांब पिसे. गवतात तो क्षणभरही दिसत नाही. मग बेडकासारखा आवाज करत माणसाच्या उंचीइतका सरळ वर उसळतो, पंख फडफडवतो आणि पुन्हा गवतात बुडतो. मादीचे लक्ष वेधण्यासाठी दिवसाकाठी अशा शेकडो उड्या तो मारतो. मादी गवतात किंवा पिकात जमिनीवरच अंडी घालते. म्हणून चराई आणि नांगरट तिच्या मुळावर येते. माळ घटत गेले, तसा पक्षीही घटला. आज तो अतिसंकटग्रस्त गणला जातो. या भागातली बरीचशी जमीन शेतकऱ्यांची आहे, तेव्हा त्यांच्या मदतीवाचून तणमोर टिकणार नाही.

देवास जिल्ह्यातले खिवनी अभयारण्य १९५५ चे. कन्नोदच्या बाजूच्या या साग-बांबूच्या पानगळीच्या जंगलात मध्य प्रदेशाचा राज्यपक्षी, दूधराज, म्हणजेच आपला स्वर्गीय नर्तक भेटतो. ओढ्याकाठच्या सावलीत पांढऱ्या नराची फितीसारखी लांब शेपटी एकदा हलली, की दुर्बीण लागत नाही.

पाणपक्ष्यांसाठी मांडूला हिवाळ्यात जावे, तणमोरासाठी जुलै ते सप्टेंबर. सरदारपुरात वनखात्याच्या माणसाला सोबत घ्यावे, वाट सोडून गवतात उतरू नये आणि घरट्याचा फोटो तर मुळीच काढू नये.