विश्लेषण : बंदुकीच्या ‘टोपी’ला दारूपेक्षा जास्त का जपायचे?

आटपाडी : डाळिंबाच्या बागेत, मक्यात रानडुकरे शिरू लागली की परवान्याची बंदूक माळ्यावरून खाली येते. बंदुकीला कुलूप असते, दारूचा डबाही जपलेला असतो. टोपी मात्र एवढीशी. ती सहज कोनाड्यात किंवा एखाद्या बाटलीत पडून राहते. खरा धोका तिथेच आहे.

प्रायमर म्हणजे काय?

काडतुसाच्या बुडाशी मधोमध बसवलेली धातूची छोटी वाटी म्हणजे प्रायमर. ठासणीच्या बंदुकीत हेच काम टोपी करते. घोडा आदळला की आतले मिश्रण पेटते, ज्योत दारूपर्यंत जाते आणि बार होतो. ठोक्याने बार उडवण्याच्या या पद्धतीचे पेटंट स्कॉटलंडचे पाद्री अलेक्झांडर फोर्सिथ यांनी १८०७ मध्ये घेतले.

दारूपेक्षा नाजूक कशी?

दारूला ठिणगी लागते. टोपीला नुसता ठोका पुरतो. आजच्या बहुतेक प्रायमरमध्ये लेड स्टिफनेट हे शिशाचे संयुग असते. ठोका, घर्षण, उष्णता आणि स्थिर वीज यांपैकी कशानेही ते उडू शकते. थंडीच्या कोरड्या हवेत नायलॉनचा शर्ट काढताना चटचट आवाज येतो, ती हीच स्थिर वीज.

एक टोपी उडाली तरी डोळा जाऊ शकतो. बाटलीत शंभर सुट्या असतील तर एकीबरोबर सगळ्या उडतात आणि काचेचे तुकडे छऱ्यांसारखे सुटतात. म्हणूनच कंपनीच्या खोक्यात प्रत्येक प्रायमरला वेगळा कप्पा असतो.

काय पाळावे?

- टोप्या मूळ खोक्यातच, कुलपात, दारूपासून वेगळ्या ठेवा.
- चूल, देवघरातील दिवा, उन्हात तापणारा पत्रा यांपासून लांब ठेवा.
- बसलेला प्रायमर खिळ्याने उचकटू नका, हातोडीने ठोकू नका.
- वापरलेल्या टोपीत काही भरून ती पुन्हा चालवण्याचा जुगाड करू नका.
- चाप ओढूनही बार झाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून किमान एक मिनिट थांबा. लगेच वाकून पाहू नका.
- हाताळल्यावर साबणाने हात धुवा. शिसे पोटात जाते, लहान मुलांना त्याचा त्रास अधिक.

घरी काडतूस भरता येते का?

परदेशात अनेक नेमबाज रिकाम्या पुंगळ्या घरीच पुन्हा भरतात. ते व्हिडिओ पाहून इकडे प्रयोग करणे महागात पडेल. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रेही ‘दारूगोळा’ या व्याख्येत येतात. विनापरवाना निर्मितीला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळतो, पण त्यावर लिहिलेल्या अटींपलीकडे काही करता येत नाही. शंका असल्यास आधी जिल्हाधिकारी कार्यालयात विचारावे.

आजोबांच्या पेटीत जुन्या टोप्या सापडल्या तर?

हात लावू नका, हलवू नका, तेलात किंवा पाण्यात टाकून ‘निकामी’ करू नका. तेल लागलेली टोपीही उडू शकते. मुलांना दूर ठेवा आणि पोलीस ठाण्याला कळवा. परवानाधारक वारला किंवा परवान्याची मुदत संपली, तर शस्त्र आणि दारूगोळा विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करणे कायद्याने बंधनकारक आहे. बंदूक जमा करताना टोप्यांची आठवण ठेवा. त्या घरातच राहून जातात.