चार घटकांचा पाऊस

चैत्र सरून वैशाख लागला म्हणजे सांगली जिल्ह्याच्या पूर्वभागांत, कवठे महांकाळच्या माळावर, दिवसाचा एक क्रम ठरून जातो. सकाळीं आकाश धुतल्यासारखें निळें असतें. दहाच्या सुमारास ऊन बोचूं लागतें. दुपारीं पारा ३८ ते ४० अंशांपर्यंत चढतो, आणि अंगाला सुटलेला घाम वाळेनासा होतो. तिसऱ्या प्रहरीं दंडोबाच्या डोंगराच्या आसपास कापसाच्या ढिगांसारखे पांढरे ढग वर येतात, हळुहळू त्यांचें बूड काळवंडतें, आणि पांचाच्या सुमारास वारा एकाएकीं पडतो. झाडाचें पान हलत नाहीं. मग धुळीचा लोट उठतो, गार वारा अंगावर येतो आणि टपोरे थेंब पत्र्यावर वाजूं लागतात. फार तर चार घटकांत सारें आटोपतें. दुसऱ्या दिवशीं कधीं कधीं हाच खेळ पुनः होतो. हाच वळीव.

मान्सून यावयाचा असतांना हें पाणी येतें कोठून? या तालुक्याला समुद्र दोन्ही बाजूंनीं दूर; शिवाय पश्चिमेस सह्याद्रि आडवा. महाबळेश्वरास वर्षाकाठीं दोनशें इंचांहून अधिक पाऊस पडतो, तर कवठे महांकाळच्या वांट्याला वीस-बावीस इंच येतो. परंतु एप्रिल-मे महिन्यांत दख्खनचें पठार तापून त्यावरील हवेचा दाब कमी होतो, आणि विदर्भ-मराठवाड्यापासून कर्नाटकाच्या अंतर्भागांतून दक्षिणेकडे कमी दाबाचा एक लांबट पट्टा तयार होतो. त्याच्या एका अंगास अरबी समुद्रावरचे वारे, दुसऱ्या अंगास बंगालच्या उपसागरावरून आलेले. दोन्ही जेथें भेटतात तेथें हवेला वर जाण्यावांचून गति नसते. अमेरिकेंतील फ्लॉरिडा या द्वीपकल्पांतहि असेंच घडतें. तेथें दोन्ही किनाऱ्यांवरून दुपारीं सुटलेले खारे वारे मध्यावर भेटतात आणि उन्हाळ्यांत जवळजवळ रोज सायंकाळीं मेघगर्जना होते. फरक इतकाच कीं फ्लॉरिडाला समुद्र उंबऱ्याशीं आहे, कवठे महांकाळला दमट हवेची वाट पहावी लागते. म्हणून येथें वळवाचा नेम नाहीं.

आतां ढगाच्या पोटांत काय चालतें तें पहावें. कोरडी हवा वर चढतांना दर १०० मीटरांस सुमारें एक अंश गार होत जाते. अशी हवा लौकरच भोंवतालच्या हवेपेक्षां थंड व जड होते, आणि तिचें चढणें थांबतें. नुसत्या उन्हानें वादळ होत नाहीं, तें यामुळें. वाफेनें भरलेल्या हवेची गोष्ट निराळी. मातीच्या माठांतील पाणी गार होतें, कारण बाहेर पाझरलेलें पाणी वाफ होऊन जातांना उष्णता घेऊन जातें. ही नेलेली उष्णता नाहींशी होत नाहीं. वाफेचें पुनः पाणी होतांच ती परत मिळते. ढग बनूं लागला कीं ही दडलेली उष्णता हवेला मिळूं लागते, हवा सभोंवतालपेक्षां ऊनच राहते आणि आणखी वर धांवते. वर गेल्यानें आणखी वाफ गोठते, आणखी उष्णता सुटते. ही उष्णता किती असावी? एका एकरावर एक इंच पाऊस म्हणजे सुमारें १ लाख लिटर पाणी. तितक्या वाफेचें पाणी होतांना जी उष्णता मोकळी होते ती विजेच्या सुमारें ७० हजार युनिटांइतकी भरते. तीनशें एकरांच्या शिवाराचा हिशेब ज्याचा त्यानें करून पहावा! या बळावर ढगाचा मनोरा १२ ते १५ किलोमीटर उंच जातो, आणि वर अडून लोहाराच्या ऐरणीसारखा पसरतो.

पण या मनोऱ्याचें मरण त्याच्याच पावसांत असतें. थेंब व गारा खालीं पडतांना हवेला ओढीत आणतात. कांहीं थेंब वाटेंत सुकून ती हवा गार करतात, आणि जड झालेली हवा जमिनीवर आपटून चहूंकडे पसरते. पावसाआधीं येणारा तो धुळीचा थंड झोत हाच. त्यामुळें ढगाला खालून मिळणारी ऊन हवा तुटते आणि पाऊण-एक तासांत तो विरतो. एकेका ढगाचा पसारा कांहीं किलोमीटरांचाच, म्हणून एका गांवीं ओढ्याला पाणी आणि शेजारच्या गांवीं धूळ. शेजारच्याच्या नशिबाला त्यासाठीं बोल लावणें व्यर्थ आहे.

या चार घटकांत जीवाला खरा धोका विजेचा. ढगाच्या मध्यभागीं बर्फाचे हलके कण आणि मऊ गारा एकमेकांवर आदळतात. हलके कण धन विद्युत् घेऊन माथ्याकडे जातात, जड गारांबरोबर ऋण विद्युत् खालीं जमते. ताण असह्य झाला कीं वीज जमिनीकडे वाट काढते, आणि उंच वस्तु तिला जवळची पडते. तिच्या वाटेंतील हवा क्षणभर सुमारें ३० हजार अंशांपर्यंत तापून फांकते, तोच गडगडाट. मोकळ्या माळावर एकटें झाड दिसलें कीं मेंढपाळ आणि गुराखी पावसाच्या आडोशाला त्याखालीं जातात, आणि घात तेथेंच होतो. वीज झाडावर पडून बाजूला उडी घेते, किंवा मुळांतून जमिनींत पसरते. जमिनींतून जाणाऱ्या प्रवाहास ज्याच्या पायांत अंतर अधिक त्याला धोका अधिक. म्हणून झाडाखालचीं जनावरें एका झटक्यांत अनेक मरतात. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकूं येईपर्यंतचे सेकंद मोजून तिनानें भागिले कीं अंतर किलोमीटरांत मिळतें. तीस सेकंदांच्या आंत आवाज आला तर पक्क्या घरांत जावें, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडूं नये. घर दूर असेल तर झाड, विजेचा खांब व तारेचें कुंपण टाळून सखल जागीं पाय जुळवून उकिडवें बसावें; आडवें मात्र होऊं नये.

वादळी सायंकाळीं मध्यम लहरींवर रेडिओ लावला कीं गाण्यांत खरखर येते, ती याच विजांची. प्रत्येक वीज रेडिओलहरी फेंकते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेनें याच लहरी टिपणारीं ग्राहक यंत्रें देशांत ठिकठिकाणीं बसविलीं असून, लहर कोणत्या यंत्रास किती आधीं पोंचली यावरून वीज कोठें पडली तें ठरतें. तिच्या 'दामिनी' या भ्रमणध्वनीवरील सोयीनें आसपासच्या विजेची सूचना खेड्यांतहि मिळते. श्रोत्याला त्रास देणारी खरखर अशी कामीं आली.

या पावसाचें स्वागत मात्र सर्वत्र सारखें होत नाहीं. नागजच्या बाजूस माळावर बेदाण्याच्या शेड आहेत. कोरडा वारा हेंच त्या धंद्याचें भांडवल. द्राक्षें द्रावणांत बुडवून जाळीच्या मांडणीवर पसरलीं कीं बेदाणा होण्यास दोनेक आठवडे लागतात, आणि एप्रिलांतला वळीव नेमका याच वेळीं गांठतो. पडदे सोडले तर वारा कोंडून माल काळवंडतो. न सोडले तर भिजतो. शेजारच्याच जिराईत शेतकऱ्याला मात्र तोच पाऊस हवा असतो. नांगरलेल्या रानांतलीं ढेकळें त्यानें विरघळतात, तण उगवून येतें, आणि वाफसा आल्यावर कुळव फिरविला कीं तें आयतेंच मरतें. २५ मेच्या सुमारास रोहिणी नक्षत्र लागतें. त्यापूर्वीं दोन वळीव झाले तर बाजरीचें रान तयार. २०२५ सालीं मान्सून केरळांत २४ मे रोजींच पोंचला आणि महाराष्ट्रांत वळीव व मान्सून यांमध्यें उसंतच राहिली नाहीं. पाणी भरपूर झालें, पण पुष्कळ ठिकाणीं वाफसा न आल्यानें कुळव बांधावरच उभे राहिले. आतां म्हैसाळ उपसा योजनेनें कृष्णेचें पाणी या माळावर चढविलें आहे, तरी जेथें पाट गेला नाहीं तेथें रब्बीची ज्वारी अद्याप ढगावरच आहे, आणि तो ढग बहुधा मान्सूनच्या ऐन भराचा नसून सप्टेंबरांत दुपारीं तापून सायंकाळीं गडगडणारा, वळवाच्याच कुळांतला असतो.