दोरी तुटते ती सोडताना

दसरा झाला की कोकणातल्या बागांमधून दिवसभर एक आवाज येत राहतो, गवत कापायच्या यंत्राचा. पावसात वाढलेलं गवत ओलं असेतो कापलं तर ठीक. एकदा वाळलं की विडीच्या एका थोटकानेही वणवा पेटतो आणि कलमं होरपळतात. म्हणून बेणणीचे दिवस चुकवून चालत नाही. माझी कलमं मोजून अकरा, पण ती वडिलांनी लावलेली. गेल्या वर्षी ऐन बेणणीत यंत्राची दोरी तुटली. मूठ हातात राहिली आणि मी गवतात पाठीवर पडलो!

दुकानदार म्हणाला, "आठ दिवस ठेवून जा." आठ दिवस गवत थांबणार नव्हतं. मी कविता करणारा बी. ए. माणूस. तरी हिय्या करून यंत्राचं झाकण खोललं आणि उत्साहाच्या भरात आतली पुली उपटून काढली. तिच्याखालची स्प्रिंग नागासारखी उसळून बाहेर आली. अंगठा फाटला. नशीब, डोळा वाचला.

शेजारी एक चाचा आहेत. त्यांचा जन्म होडीत गेला. होडीची छोटी इंजिनंही अशीच दोरी ओढून सुरू होतात. मी विचारलं, "चाचा, ही परत बसेल का?" ते म्हणाले, "बसेल. आधी हात धुऊन ये." जाड हातमोजे घालून त्यांनी स्प्रिंगचं बाहेरचं टोक खाचेत अडकवलं आणि एकेक वेढा आत घेत ती बसवली. नंतर मला समोर बसवून सगळं शिकवलं. तेच तुम्हाला सांगतो.

ही रचना अगदी साधी आहे. दोरी एका पुलीवर गुंडाळलेली असते. ओढली की पुली फिरते आणि खटक्याने इंजिनाला अडकून त्यालाही फिरवते. इंजिन सुरू झालं की खटका सुटतो. पुलीखाली घड्याळात असते तशी चपटी स्प्रिंग असते. आपण ओढतो तेव्हा ती भरते आणि सोडतो तेव्हा दोरी परत गुंडाळते. बहुतेक वेळा तुटते ती फक्त दोरी. तेव्हा पुली काढायची गरजच नसते. माझी चूक तीच होती.

काम सुरू करण्याआधी इंजिन थंड होऊ द्या आणि स्पार्क प्लगची टोपी काढून ठेवा. झाकणाचे स्क्रू काढून झाकण उलटं धरा. दोरीचे तुटलेले तुकडे काढून एकापुढे एक ठेवून मोजा, नवी दोरी तेवढीच लांब घ्यायची. जाडीही तीच हवी. हातातल्या कटरला साधारण 3 ते 3.5 मिलिमीटरची, विणलेली नायलॉनची दोरी लागते. हिरवळीवर ढकलायच्या मोठ्या यंत्राला त्याहून जाड. कपडे वाळत घालायची प्लॅस्टिकची दोरी चालत नाही, ती घासून लवकर तुटते. नव्या दोरीची टोकं काडीने वितळवून घट्ट करा; पण हे काम पेट्रोलपासून लांब जाऊन करा.

आता खरी मेख. दोरी ओढल्यावर पुली ज्या दिशेने फिरते, त्याच दिशेने ती हाताने फिरवत जा. स्प्रिंग पूर्ण भरली की पुली अडते. तिथे थांबायचं नाही. पुलीचं भोक आणि झाकणाचं भोक समोरासमोर येईपर्यंत अर्धा-एक फेरा मागे या. पुली पकडीने तिथेच धरून ठेवा. दोन्ही भोकांतून दोरी ओवा, आतल्या टोकाला गाठ मारा, बाहेरच्या टोकाला मूठ बांधा. मग पुली सावकाश सोडा. दोरी आपोआप गुंडाळली जाईल.

मागे घेतलेला तो फेरा फार महत्त्वाचा. तो नसेल तर पूर्ण दोरी ओढताच स्प्रिंगवर हिसका बसतो आणि तीच तुटते. काम जमलं की नाही, याच्या दोन खुणा आहेत. दोरी पूर्ण ओढल्यावरही पुली हाताने किंचित पुढे फिरली पाहिजे आणि सोडल्यावर मूठ झाकणाला घट्ट टेकली पाहिजे. मूठ लोंबत राहिली तर दोरी लांब झाली, असं समजा.

शेवटी मी विचारलं, "पण चाचा, तुटली का?" त्यांनी झाकणाच्या भोकावर बोट फिरवायला लावलं. कडा चिरली होती. मी दोरी तिरकी ओढायचो आणि झालं की मूठ तशीच सोडून द्यायचो. चाचा म्हणाले, "दोरी ओढून तुटत नाही, टाकून दिल्याने तुटते. हळू ओढ, जड लागलं की मग सरळ जोर लाव. आणि मूठ हातात धरूनच परत आत जाऊ दे."

कानशीने कडा गुळगुळीत केली, तिसऱ्या ओढीला इंजिन लागलं. दोन दिवसांत अकराही कलमांखालचं गवत कापून झालं. आता चाचांच्या अंगणातलं गवतही मीच कापतो. ते ओट्यावर बसून बघतात, गवताकडे नव्हे, माझ्या हाताकडे.